मागच्या डाव्या चाकातली ढोमी

आमच्या घरात चाकावर चालणारी पहिली वस्तू आली तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि पदवीधर होतो. या दोन्ही गोष्टींचा त्या चाकाला काडीचाही उपयोग झाला नाही.

त्याआधी आमच्या मालकीचं जे काही होतं ते सगळं तरंगायचं. म्हणजे एक होडी. बाबा कल्याणच्या खाडीत जाळं टाकायचे आणि आय (आईला आम्ही आय म्हणतो) टोपली डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली फिरायची. ज्या दिवशी मासळी विकली जायची त्या दिवशी आम्ही भात आणि सुकट खायचो. ज्या दिवशी विकली जायची नाही त्या दिवशी ताजी मासळी खायचो. त्यामुळे लहानपणी माझी अशी पक्की समजूत होती की ताटात ताजी मासळी येणं हे संकटाचं लक्षण आहे!

मला चांगला म्हणावा असा शर्ट एकच होता आणि तो जाळ्यांच्या शेजारच्या दोरीवर वाळायचा. तोच घालून मी ठाण्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला गेलेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी माझे मार्क बघितले, मग मला बघितलं आणि शिपायाला म्हणाले, "जरा खिडकी उघडा हो."

बस. एवढंच. शिवी नाही, अपमान नाही. उकाड्याचे दिवस होते, त्यांना गरम होत असेल असंही म्हणता येईल. मी तेव्हापासून म्हणून बघतोय. म्हणता येत नाही.

असो. मी बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन. आमच्या कोळीवाड्यातला पहिला. निकालाच्या दिवशी बाबांनी होडीवर पताका लावली. ठाण्यात एका कचेरीत नोकरी लागली, डोंबिवलीत एका खोलीचा ब्लॉक घेतला, धाकट्या बहिणीला, सुमीला, बारावीच्या अभ्यासासाठी तिथे आणून ठेवलं आणि मग एके दिवशी आंबिवलीला जाऊन एका निवृत्त गृहस्थाची जुनी मोटार विकत घेतली. त्या काळी रस्त्यावर दोनच जातींच्या गाड्या दिसायच्या. आमची त्यातली लहान. रंग आकाशी, म्हणजे पावसाळ्यातल्या आकाशाचा.

गाडी कशासाठी घेतली ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. सुमीला नर्स व्हायचं होतं. तिची प्रवेशाची मुलाखत ठाण्यात व्हायची होती. माझ्या बहिणीसाठी कोणी खिडकी उघडायला सांगणार नाही, एवढंच मी मनाशी ठरवलं होतं. ती मोटारीतून उतरेल, इस्त्रीच्या साडीत, पावडरच्या वासात!

गाडी आधी कोळीवाड्यात नेली. आयने चारही टायरांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. बाबा गाडीभोवती दोनदा फिरले, पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "हिला तेल कंचा लावतस?"

"बाबा, ही काय होडी आहे?"

"मंग पानी लागल्यावर कुजत नाय काय?"

होडीला आमच्याकडे मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडतात. लाकूड कुजत नाही. माणूस मात्र ते लावून कुठल्याही सभ्य ठिकाणी जाऊ शकत नाही.

दोन महिन्यांनी गाडी गुणगुणायला लागली. आधी हळू, देवघरात कोणी पोथी वाचावी तसं. मग घरघर. खालच्या मजल्यावर गुप्तेकाका राहायचे. तीन पिढ्या शिकलेलं घराणं, स्वतः नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त. त्यांच्याकडे मोटारदुरुस्तीचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. (मोटार कधीच नव्हती. पुस्तक होतं.) ते मला 'दामोदरराव' म्हणायचे. तोपर्यंत मला जन्मात कोणी राव म्हटलं नव्हतं, म्हणून मी त्यांचं सगळं ऐकायचो.

"टायरचा आवाज आहे, दामोदरराव. पुढचे मागे करा, मागचे पुढे."

केले. आवाज तसाच.

"मग सायलेन्सर."

बदलला. आवाज अधिक स्पष्ट ऐकू यायला लागला.

"आता गियर बॉक्सचं तेल बघा. पुस्तकात असंच दिलंय."

असं करत करत आम्ही गाडीतला प्रत्येक धडधाकट भाग उपटून पुन्हा बसवला. बिघडलेल्या भागाला तेवढा हात लावला नाही!

एका रविवारी मी गुप्तेकाकांना गाडीतून कोळीवाडा दाखवायला नेलं, आणि बाबांना एक फेरी मारून आणली. बाबा मागे बसले. दोन वळणं झाली असतील.

"डावा, पाठचा," बाबा म्हणाले.

"काय डावा?"

"चाक. उजव्या अंगाला वललास का वराडतंय. डाव्या अंगाला वललास का गप बसतंय. भार परला का वराडतंय."

आता इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. आकृतीसह! पण ते बाबांच्या तोंडून ऐकल्यावर मला ते फिजिक्स वाटलंच नाही.

परत आल्यावर बाबांनी मला ते चाक जॅकवर उचलायला लावलं. वर एक हात, खाली एक हात ठेवून त्यांनी चाक हलवलं. ते म्हाताऱ्याच्या दाढेसारखं हललं.

"थोडी ढील असायचीच," गुप्तेकाका म्हणाले. "पुस्तकात आहे."

बाबा घरात गेले आणि वल्हं घेऊन आले. हे वल्ह्याचं प्रकरण सांगायला हवं. ढोमी नावाचा मासा पाण्याखाली ओरडतो. बाबा वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून मूठ कानाला लावतात आणि थवा कुठे आहे, किती आहे, हे होडीत बसल्या बसल्या सांगतात. लहानपणी मीही लावून बघायचो. मला वल्ह्यातून फक्त लाकूड ऐकू यायचं.

बाबांनी मला चाक हाताने फिरवायला सांगितलं, वल्ह्याचं टोक चाकामागच्या लोखंडी नळीला टेकवलं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. "दामूचे गारीत ढोमी सापरली रे!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसायला लागले. गुप्तेकाकाही हसले. सभ्यपणे, रुमाल तोंडाला लावून. (रुमाल हसण्यासाठी होता की वासासाठी, हे मी बघत होतो.)

"आत गोल्या हायेत नं?" बाबा म्हणाले. "त्यांची एक फुटलेय. बाकीच्याही जातील."

आमच्यात बापाला अरेतुरेच करतात. 'तुम्ही' म्हटलं तर बाप मागे वळून बघतो, कोण पाहुणा आलाय म्हणून. पण त्या दिवशी गुप्तेकाकांच्या देखत मी स्वच्छ, शुद्ध मराठीत म्हणालो,

"बाबा, तुम्ही चौथी नापास आहात. मी बी.एस्सी. आहे. वल्हं ठेवा आत."

बाबांनी खरंच मागे वळून बघितलं. मग वल्हं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

पुढच्या आठवड्यात ते डोंबिवलीला आले, सुमीसाठी कोलंबी घेऊन. मी कचेरीत होतो. संध्याकाळी घरी येतो तो गाडीभोवती मांजरं! एक नाही, दोन नाही, अकरा. सगळी मागच्या डाव्या चाकापाशी. एक तर टायरवर चढून चाकाच्या टोपीला जीभ लावून बसलेलं.

"सुमे! बाबांनी काय केलं इथे?"

"तेल लावलंनी," सुमी म्हणाली. "म्हणाला, बदलायचा नाय तर नाय, निदान तेल तरी मिलू दे त्याला."

मुशीचं तेल! काळजाचं! मी चाक साबणाने धुतलं, सोड्याने धुतलं, रॉकेलने धुतलं. मांजरं बाजूला बसून बघत राहिली. ही आमच्याच जेवणाची तयारी चालली आहे अशा समजुतीने. सोसायटीने फळ्यावर खडूने सूचना लिहिली: 'वाहनमालकांनी प्राणी पाळू नयेत.' गुप्तेकाकांनी विचारलं, "हा वास कसला हो?" मी म्हणालो, "ग्रीस. परदेशी."

महिनाभर मांजरं रोज त्याच चाकापाशी बसत होती. गाडीला चार चाकं. त्यांतलं दुखरं कुठलं, हे डोंबिवलीतल्या यच्चयावत मांजरांना ठाऊक होतं. पदवीधर माणूस टायरची हवा बघत होता.

मुलाखतीचा दिवस आला. वेळ सकाळी दहाची.

"दादा, मी गाडीने नको. स्टेशनवर सोड मला, मी जाते," सुमी म्हणाली.

"साडी चुरगळेल."

"चुरगळू दे. आवाज बघ तिचा कसा येतोय."

"आवाज येतो म्हणजे चालू आहे. बस!"

मी गाडीत आधीच अर्धा डबा पावडर शिंपडली होती. गुप्तेकाका तज्ज्ञ म्हणून पुढे बसले, मांडीवर पुस्तक. आम्ही कल्याणवरून, दुर्गाडीचा पूल ओलांडून, नाशिककडून येणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागलो. घरघर आता इतकी वाढली होती की आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. साडेआठच्या सुमाराला मानकोलीच्या अलीकडे अचानक घरघर थांबली.

"बघा!" मी आनंदाने म्हणालो. "गेला आवाज!"

आवाज गेला नव्हता. बेअरिंग गेलं होतं. पुढच्याच क्षणी किंचाळी फुटावी तसा पत्रा खरवडल्याचा आवाज झाला, गाडी डाव्या कुल्ल्यावर बसली आणि रस्त्याकडेला जाऊन थांबली. उतरून बघतो तर चाक आतल्या लोखंडी दांड्यासकट गाडीतून बाहेर आलेलं. पूर्ण नाही, हातभर. शेजारणीने भांडण ऐकायला दारातून मान बाहेर काढावी, तेवढं. पत्र्याने अडवलं म्हणून राहिलं, नाहीतर आमच्या आधी ठाण्याला पोचलं असतं!

"दहा मिनिटांचं काम," गुप्तेकाका म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक उघडलं. पानं पुढे उलटली, मागे उलटली. पुन्हा पुढे.

"काय झालं काका?"

"दामोदरराव, हे पुस्तक मी रद्दीतून घेतलेलं. यात पुढच्या चाकांचं सगळं आहे. मागच्या चाकांचं प्रकरण..." त्यांनी पुस्तकाचा फाटका कणा दाखवला. "रद्दीवाल्याकडेच राहिलेलं दिसतंय."

तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. मागे टोपल्या, आणि टोपल्यांमध्ये आमच्याच कोळीवाड्यातल्या चारपाच बायका, ठाण्याच्या बाजाराला निघालेल्या. पुढे होती जनामावशी. आमच्या आयची बाजारातली सोबतीण.

"अरं दामू! बुरली का काय तुझी गारी?" मग तिने सुमीला बघितलं. "बाय, तुजी आज परीक्षा नं? चल, बस वर. नऊला ठान्यात सोरते तुला."

सुमीने पर्स खांद्याला लावली. एक पाय टेम्पोच्या फळीवर ठेवला.

मी टोपल्यांकडे बघितलं. टोपल्यांतून पाणी गळत होतं. सुमीच्या साडीकडे बघितलं. आणि मला ती खिडकी दिसली.

"नको मावशी," मी म्हणालो. "होईल आता. दहा मिनिटांचं काम आहे."

"दादा!"

"वास लागेल, सुमे. उतर खाली."

जनामावशी माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "हाच वास खाऊन मोठा झालास, बाला." आणि टेम्पो गेला.

नऊ वाजले. मी आणि गुप्तेकाका चाक आत ढकलत होतो. साडेनऊ वाजले. चाक आत जायचं आणि पुन्हा बाहेर यायचं. पावणेदहा. रिक्षा येत होत्या त्या भरलेल्या. दर पाच मिनिटांनी मी म्हणत होतो, "आता झालंच." दहाला सुमीने काही न विचारता रस्त्यावर जाऊन हात केला आणि सिमेंटच्या गोण्या भरलेला एक ट्रक थांबवला. चढताना एकदाच वळून म्हणाली, "दादा, तू बस आता तुझ्या चाकाजवळ."

ती पोचली तेव्हा तिचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. टेबलामागच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला पाणी दिलं, डोक्यावरचं सिमेंट झटकायला सांगितलं आणि म्हणाल्या, "यादी गेली गं वर. पुढल्या वर्षी ये." खिडकी उघडा असं कोणीच म्हणालं नाही. त्या रात्री मी सुमीला माझ्या खिडकीची गोष्ट पहिल्यांदाच सांगितली तेव्हा ती म्हणाली, "दादा, तिथं खिडक्या उघड्याच होत्या. सगळ्या."

दुपारी गाडी ट्रकला बांधून माजिवड्याच्या एका गॅरेजात आणली. तिथले उस्मानभाई साठीचे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी दांडा बाहेर ओढला. त्याच्यावरचं बेअरिंग म्हणजे नुसता चुरा उरलेला, आणि काही गोळ्या तर सापडल्याच नाहीत.

"ये तो महिनों से चिल्ला रेला होगा," उस्मानभाई म्हणाले. "किसी ने सुना नहीं?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "आयकला व्हता." बाबा! जनामावशीने बाजारातून निरोप धाडला होता. बाबांनी आधी गाडीकडे बघितलंच नाही. "सुमीचा काय झाला?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बाकावर बसले.

मग उस्मानभाई म्हणाले, दुसरी बाजूही बघून घेऊ. त्यांनी उजवं चाक उचललं, मला फिरवायला सांगितलं, एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक चाकामागच्या नळीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

मी चाक फिरवत होतो. माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं, तरी कानांच्या पाळ्या तापल्या.

बाबा उठून जवळ आले. उस्मानभाईंनी पेचकस त्यांच्या हातात दिला. बाबांनी ऐकलं. "हा गप हाय," ते म्हणाले. "अच्छा है," उस्मानभाई म्हणाले. दोघांची पाच मिनिटांची ओळख, एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नाही, आणि दोघांचं एकमत! मी आणि गुप्तेकाका तीन महिने एकाच भाषेत बोलत होतो.

नवं बेअरिंग दाबून बसवलं. त्याला जागेवर धरून ठेवणारी एक लोखंडी कडी असते. ती विस्तवात तापवतात आणि तापलेली असतानाच वरून दांड्यात सोडतात. थंड झाली की आवळून बसते. एका दमात खाली गेली पाहिजे, अर्ध्यात अडकली तर कापून फेकायची आणि पुन्हा नवी. दांडा उभा, सरळ धरायला एक माणूस लागतो.

"पदवीधर," बाबा म्हणाले, "धर."

बाबांनी मला त्या नावाने हाक मारली ती पहिली आणि शेवटची. मी दांडा धरला. न हलता. त्या अख्ख्या दिवसात माझ्या हातून झालेलं एकमेव बरोबर काम!

पुढच्या वर्षी सुमीने मला मुलाखतीची तारीखच सांगितली नाही. ती आदल्या रात्री कोळीवाड्यात जाऊन राहिली आणि पहाटे जनामावशीच्या टेम्पोत, टोपल्यांमध्ये बसून ठाण्याला गेली. दीड तास आधी पोचली. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, कशी आलीस? ती म्हणाली, "मासळीच्या गाडीतून." बाई म्हणाल्या, "कुठली मासळी आहे आज?"

तिला प्रवेश मिळाला. तीन वर्षांचं शिक्षण तिने तीन वर्षांतच पुरं केलं. माझ्यामुळे गेलेलं एक वर्ष मात्र तिने मला कधी माफ केलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे.

नर्स झाल्यावर पहिल्यांदा घरी आली तेव्हा ती छाती तपासायची नळी घेऊन आलेली. बाबांचा खोकला तेव्हा वाढला होता. तिने त्यांना पायरीवर बसवलं, नळीचं तोंड पाठीला टेकवलं, टोकं कानांत घातली आणि डोळे मिटले.

"काय आयकतस?" बाबांनी विचारलं.

"घरघर आहे. डावीकडं, खाली. औषध आणते मी."

"डावा, पाठचा!" बाबा म्हणाले, आणि खोकता खोकता हसत सुटले. सुमीही हसली. मग तिने ती टोकं माझ्या कानांत घातली. "बघ दादा, तुला येतंय का ऐकू."

मी डोळे मिटून, श्वास रोखून बराच वेळ ऐकलं. मला काहीही ऐकू आलं नाही.

मी बी.एस्सी. आहे.